यादीत नसलेलं नाव

खोका छातीशी धरून तो सर्व्हर-रूमच्या दारात उभा होता, आणि मी त्याला आत सोडत नव्हते.

"ओळखपत्र?"

"गळ्यात आहे की."

"उलटं आहे."

त्याने ते सरळ केलं. फोटोतला माणूस गंभीर होता. समोरचा हसत होता…

आमच्या हॉस्पिटलचे सगळे एक्स-रे, सगळे स्कॅन एका कपाटाएवढ्या स्टोरेजमध्ये असतात. सर्व्हरपासून तिथवर दोन रस्ते, म्हणजे दोन कार्डं आणि दोन केबली. त्यातलं एक कार्ड दुपारी बंद पडलं होतं, आणि कंपनीने नवं देऊन त्याला पाठवलं होतं. दुसऱ्यावर सगळं चालू होतं, पण एकाच रस्त्यावर सर्व्हर सोडून घरी जायचं नाही, हा नियम मीच केलेला. मुलगी झाल्यापासून माझं सगळंच दोन-दोन असतं. थर्मामीटरसुद्धा.

तो मशीनच्या मागे वाकला. "या चिठ्ठ्या कुणी लावल्या?"

"मी."

"केबलच्या दोन्ही टोकांना?"

"एकाच टोकाला लावून काय उपयोग?"

"अकरा वर्षं हे काम करतोय," आतून आवाज आला. "दुसऱ्या टोकाचा विचार करणारं माणूस आज भेटलं."

"माझ्या मुलीच्या दोन्ही बुटांत माझा फोन नंबर आहे," मी उगाचच बोलून गेले.

"म्हणजे एक बूट हरवला, तर दुसरा तुम्हाला कळवणार!"

मी हसले नाही. म्हणजे, त्याला दिसेल असं हसले नाही.

नवं कार्ड बसलं, हिरवा दिवा लागला… पण स्टोरेज काही दार उघडेना. प्रत्येक कार्डाला कारखान्यातूनच एक नंबर मिळतो, तसा दुसरा जगात नसतो. तो स्टोरेजच्या यादीत असेल तरच आत प्रवेश. कार्ड कितीही गुणी असो. त्याने खोक्यावरचा नंबर यादीत टाकला होता, तरी नकारच.

साडेपाच वाजले. पाळणाघर सहाला बंद होतं, आणि आई मावशीकडे गेलेली. मी तिसऱ्यांदा घड्याळ पाहिलं आणि पाळणाघराचं काहीतरी पुटपुटले.

"मी आणू का तिला?" त्याने सरळ विचारलं.

"तिथेही यादी आहे. दोनच नावं… मी आणि माझी आई."

"आणि तिचे बाबा?"

"दोन वर्षं झाली वेगळं होऊन."

त्याने चुकचुक केली नाही. फक्त "बरं" म्हणाला आणि मला स्क्रीन दिसावी म्हणून खुर्ची सरकवली. मला बरं वाटलं… का कोण जाणे.

मी मोबाइलचा टॉर्च लावून कार्डावरचाच नंबर वाचला. खोक्यावरच्यापेक्षा शेवटचे दोन आकडे वेगळे!

"आज किती कार्डं घेऊन निघाला होतात?"

"दोन. एक सकाळी दुसरीकडे…" त्याने कपाळावर हात मारला. "खोक्यांची अदलाबदल!"

"खोक्यावर विश्वास ठेवलात."

"चुकलं, बाईसाहेब. यापुढे तुम्ही वाचाल तेच खरं."

नंबर बदलला आणि दार उघडलं. "पळा आता!" तो म्हणाला. मी पळाले.

नंतर तो येत राहिला… सर्व्हर धडधाकट असतानाही. कधी पाळणाघराच्या फाटकाबाहेर भेटायचा. मुलगी त्याला वायरकाका म्हणायला लागली. तिच्या अस्वलाच्या दोन्ही कानांना त्याने चिठ्ठ्या लावून दिल्या. तो तिच्याशी बोलताना उकिडवा बसतो, रस्ता ओलांडताना तिचा हात मनगटाशी धरतो… हे सगळं मी बघत होते. माझी नजर फार चिवट आहे.

एका गुरुवारी नव्या स्टोरेजवर सगळं हलवायचं काम निघालं. आईला ताप. पावणेसहा झाले. मी त्याला फोन केला.

"तिला आणाल?"

"मी? पण यादी…"

"जा तर खरं."

दहा मिनिटांनी फोन वाजला. पलीकडे श्वास लागलेला.

"माझं नाव आहे यात! आणि तारीख महिन्यापूर्वीची. बोलली का नाहीस?"

पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यातलं अहो-जाहो गळून पडलं होतं. माझ्या कानाची पाळी गरम झाली.

"तू विचारलंस कुठे?" मी म्हटलं.

"ऐक ना… नात्याचा रकाना रिकामा आहे. पाळणाघराच्या काकू विचारताहेत, काय लिहू?"

"तुला काय वाटतं?"

मागून मुलीचा आवाज… "वायरकाका, माझा बूट!"

"मला वाटतं ते लिहिलं," तो हळूच म्हणाला, "आणि नंतर खोडावं लागलं तर? पेन्सिलीने लिहू?"

"नको," मी म्हटलं. "पेनाने लिही."