तिसरी शिंक

हे मी माझ्या स्वतःच्या कानांनी ऐकलंय. कुणाच्या मावशीच्या मैत्रिणीनं सांगितलेलं नाही. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे पुढं मध्येच थांबायला नको.

बारा नोव्हेंबर २०१४. बुधवार. मागचं झाल्फ नावाचं गाव, तिथलं तळ्याकाठचं चर्च. दुपारचे अडीच.

हो, दुपारचे! भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या आल्प्समध्ये एक नोव्हेंबर काढून बघावा.

नोव्हेंबरात आमच्याकडे काही नसतं. उन्हाळ्याचे पाहुणे गेलेले असतात, बर्फावर घसरायला येणारे अजून यायचे असतात. हॉटेलांना कुलपं. दारावर पाटी, 'डिसेंबरात भेटू'. रोपवे बंद. होड्या उचलून छपराखाली ठेवलेल्या. ऊन दुपारी एकलाच डोंगराआड जातं, ते दुसऱ्या दिवशीच येतं.

त्या दिवशी मी आणि माझा थोरला भाऊ अँब्रोस एका गाडीत बसलो होतो.

एकतीस वर्षांनी.

आम्ही तीन भावंडं. अँब्रोस, मी म्हणजे झेन्झी, आणि धाकटा कोर्बी. १९८३ च्या नोव्हेंबरात कोर्बी तळ्यावर गेला तो गेलाच. एकोणीस वर्षांचा होता. हिवाळ्याआधी आमची होडी काठावर ओढायची होती. ते दोघांचं काम. पण अँब्रोस खानावळीत पत्ते कुटत बसला होता. "तू हो पुढं, हा डाव संपवून आलोच," म्हणाला.

डाव संपला तेव्हा होडी तळ्याच्या मधोमध होती.

रिकामी.

पंधरा दिवस शोधलं. तळं खोल आहे, थंड आहे. काही म्हणजे काही वर आलं नाही.

मी अँब्रोसला भर खानावळीत 'खुनी' म्हणाले. मग इन्सब्रुक शहरात निघून गेले, एका दवाखान्यात चिठ्ठ्या फाडायची नोकरी धरली, ती आजतागायत.

आणि आई? आईनं कोर्बीसाठी एकदाही मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, होऊ दिली नाही. घराण्याच्या कबरीवर त्याचं नाव कोरू दिलं नाही. "मिस्सा मेलेल्यांसाठी असते," म्हणायची. लोक म्हणायचे, बिचारीच्या डोक्यावर परिणाम झालाय. मीही तेच म्हणायचे.

त्या नोव्हेंबरात आई सत्त्याऐंशी वर्षांची होती. वृद्धाश्रमात. डॉक्टर म्हणाले, फार तर आठवडा. रविवारी तिनं आम्हा दोघांना बोलावून घेतलं आणि एका दमात सांगितलं.

"कोर्बीसाठी मिस्सा सांगा. मागच्या झाल्फच्या चर्चमध्ये. दोघांनी जायचं. फोनवर उरकायचं नाही. आणि मी जायच्या आत."

म्हणून आम्ही एका गाडीत. गाडीला गोठ्याचा वास.

"अजून गायींतच झोपतोस वाटतं," मी म्हणाले.

"गायी बऱ्या," अँब्रोस म्हणाला. "बोलत नाहीत."

आता आमच्या खोऱ्यात पाच गावांना मिळून एक फादर. पोलंडहून आलेले, फादर मारेक. पुढच्या झाल्फला गेलो, तर चर्चच्या दारावर चिठ्ठी... 'मधल्या झाल्फला गेलो आहे.' मधल्या झाल्फला गेलो, तर बेकरीवाली म्हणाली, "अहो आत्ताच गेले! एका आजाऱ्याला बघायला वरच्या वाडीवर. तिथून मागच्या झाल्फला जातील."

"हा फादर आहे की पोस्टमन?" अँब्रोस पुटपुटला.

मला हसू आलं. आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

वाटेत तळ्याकाठी बाकावर बसून पाव आणि खारवलेलं मांस खाल्लं. त्यानं मांसाचा मोठा तुकडा कापून माझ्याकडं सरकवला. लहानपणी सरकवायचा तसाच.  आणि मी काय बोलले असेन?

"तो डाव जिंकलास का रे तेव्हा?"

त्यानं उरलेला पाव गुंडाळला. चाकू पुसला. कागदाची घडी घातली. गाडीत जाऊन बसला.

माझी जीभ अशीच आहे. तेव्हाही होती.

मागच्या झाल्फला चर्चची किल्ली फिलोमेनाबाईंकडे असते. ऐंशीच्या पुढच्या. झाडलोट, मेणबत्त्या, घंटा, सगळं त्याच बघतात. आम्हाला बघून दारातच थबकल्या.

"फादर तीनला येतील. आत बसा, बाहेर हाडं गोठतील." मग माझा चेहरा निरखत म्हणाल्या, "तू तिची मुलगी. दोन वर्षं झाली गं, ती आली नाही."

"कोण?"

"तुझी आई. दर वर्षी याच आठवड्यात यायची ना. सकाळच्या बसनं."

मी अँब्रोसकडं बघितलं. त्यानं नाही म्हणून मान हलवली. आम्हा दोघांनाही हे ठाऊक नव्हतं. आई तर म्हणायची, त्या तळ्याचं तोंडही बघणार नाही.

अँब्रोस आत आला नाही. टोपी काढून हातात घेतली आणि होड्यांच्या धक्क्याकडं चालू लागला.

मी एकटीच आत गेले.

चर्च लहानसं. बारा बाक. मागं लाकडी जिना, वर गाणाऱ्यांचा माळा. मेणाचा आणि ओल्या दगडाचा वास. चर्चची एक भिंत तळ्याला लागूनच आहे, त्यामुळं पाणी दगडावर आपटत राहतं. चुळुक... चुळुक... मी तिसऱ्या बाकावर बसले आणि ते ऐकत राहिले.

थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं...

पाण्याचा आवाज येत नाहीये.

वारा नाही. पाखरू नाही. घड्याळाची टिकटिक होती, तीही नाही. माझा श्वास तेवढा ऐकू येत होता.

आणि मग मागून, वरच्या माळ्यावरून...

शिंक आली.

मला वाटलं फादर आले. मी मागं न बघताच म्हणाले, "तब्येत सांभाळा!"

शहरातली सवय. दवाखान्यात दिवसाला पन्नास जण शिंकतात, पन्नास वेळा हेच म्हणते. आमच्या खोऱ्यात असं म्हणत नाहीत. खोऱ्यात म्हणतात, "देव तारो."

वरून कुणी काही बोललं नाही.

"फादर?"

काही नाही.

मी उठून मागं वळले. माळ्यावर अंधार होता. आणि तेवढ्यात...

दुसरी शिंक.

या वेळी नीट ऐकली. सुरुवात धडाक्यात, आणि शेवट मांजराच्या पिल्लासारखा. बारीक. चिरका.

मी बाकाची कड घट्ट धरली.

तसं जगात एकच माणूस शिंकायचं. कोर्बी.

नाही, एक नाही. दोन. अँब्रोसला त्याची हुबेहूब नक्कल जमायची. लहानपणी जेवणाच्या टेबलावर तो कोर्बीसारखा शिंकायचा आणि कोर्बी रडकुंडीला यायचा. ते आठवलं आणि माझी भीती गेली. तिच्या जागी अशी तिडीक उठली, की काय सांगू! आई तिकडं शेवटचे श्वास मोजतेय. आपण इथं कशासाठी आलोय. आणि हा पन्नाशी उलटलेला घोडा, मघाच्या टोमण्याचा सूड म्हणून, गुपचूप माळ्यावर चढून...

तिसरी शिंक.

मघापेक्षा हळू. विचारल्यासारखी.

"मर मेल्या!" मी ओरडले. "जा, कायमचा मर तिकडं! परत तुझा आवाज ऐकू यायला नको मला!"

माझाच आवाज छतावर आदळून खाली आला.

मग माळ्यावर बाक करकरला. बसलेलं कुणी उठावं, तसा. एवढंच. पावलं नाहीत, जिना वाजला नाही.

आणि पाणी पुन्हा भिंतीवर आपटायला लागलं.

मी धावत जिना चढले. त्याच्या कानाखाली वाजवायची म्हणूनच चढले, खोटं कशाला बोलू. वर कुणी नव्हतं. बाकावर बोटभर धूळ, तिच्यावर बोटाचाही ठसा नाही. भिंतीत एक छोटी खिडकी होती. तिच्यातून बाहेर बघितलं...

अँब्रोस धक्क्याच्या पार टोकाला उभा होता. दोनशे पावलांवर. टोपी हातात, तोंड तळ्याकडं.

मी खाली कशी आले ते आठवत नाही. दारात फिलोमेनाबाई झाडू घेऊन उभ्या होत्या.

"काय म्हणालीस त्याला?"

"कुणाला?"

"मला शिकवू नकोस पोरी. एकतीस वर्षं झाडतेय मी इथं."

मी माळ्याकडं बोट दाखवलं.

"तब्येत सांभाळा काय, तब्येत!" त्या चिडूनच बोलल्या. "ज्याला देहच नाही त्यानं काय सांभाळायचं? अडकलेला जीव तीनदा शिंकतो. रक्ताच्या माणसानं 'देव तारो' म्हटलं की सुटतो. म्हणून तर शिंक कुणाचीही असो, आपल्यात तेच म्हणतात. शिकवलं नाही का तुला?"

शिकवलं होतं. चमच्यानं भात भरवावा तसं शिकवलं होतं.

"आणि आई? ती दर वर्षी यायची ना? ती काय म्हणायची?"

"ते तिलाच विचार," म्हणाल्या आणि पाठ फिरवली.

तीनला फादर आले. शनिवारची मिस्सा लिहून घेतली. परत येताना गाडीत मी अँब्रोसला सगळं सांगितलं. काय ओरडले तेही सांगितलं. त्यानं गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवले.

"मी आत यायला हवं होतं," म्हणाला. "मी 'देव तारो'च म्हणतो अजून. गोठ्यात गाय शिंकली तरी म्हणतो."

पाचला वृद्धाश्रमात पोहोचलो. आई उशांना टेकून बसली होती. पुढ्यातलं सूप तसंच. मिस्सेचं काही विचारलं नाही तिनं. पहिलाच प्रश्न...

"शिंकला?"

अँब्रोसनं खुर्ची धरली. मी मानेनंच हो म्हटलं.

आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. तो गेला तेव्हाही रडली नव्हती.

"दर वर्षी शिंकायचा," ती म्हणाली. "मी तोंडात रुमाल कोंबून बसायचे. उत्तर दिलं असतं तर गेला असता ना गं. वर्षातून तीन शिंका. तेवढाच उरला होता माझ्याकडं. परतीच्या बसमध्ये बसले की मनातल्या मनात त्याची माफी मागायचे, आणि परत पुढच्या वर्षी तेच करायचे. मग पाय गेले. दोन वर्षं एकटा शिंकत असेल तिथं."

"मग आम्हाला सांगायचं नाही का, आई?" माझा आवाज चढला.

"सांगितलं असतं तर गेला असतात? म्हातारीला वेड लागलं म्हणून डॉक्टर बोलावला असतात. आणि त्यात सांगायचं काय? ते शब्द आपोआप येतात तोंडात. मीच शिकवलेत की तुम्हाला."

मी खाली बघत होते.

"काय म्हणालीस त्याला, झेन्झी?"

मी सुपाचा वाडगा उगाच जरा बाजूला सरकवला.

"देव तारो म्हणाले, आई."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग अँब्रोसकडं. लहानपणी मी खोटं बोलतेय का, ते ती त्याच्या चेहऱ्यावरून ओळखायची.

"हो आई," अँब्रोस म्हणाला. "मीही होतो. मी ऐकलं."

आईनं डोळे मिटले. थोड्या वेळानं सूप मागितलं. चार चमचे घेतले. शुक्रवारी पहाटे गेली. शनिवारी एकाच मिस्सेत दोघांची नावं घेतली.

आता अँब्रोसशी माझं भांडण नाही. पण बोलणंही नाही. बोलायला तोंड उघडलं की ते खोटं आठवतं दोघांना. नाताळला तो मांसाचा एक मोठा तुकडा पोस्टानं पाठवतो. मी 'पोचला' म्हणून कळवते.

दर नोव्हेंबरला मी मागच्या झाल्फला जाते. फिलोमेनाबाई आता नाहीत, किल्ली त्यांच्या सुनेकडे असते. तिसऱ्या बाकावर बसते. अंधार पडेपर्यंत बसते. काही ऐकू आलं नाही तरी आपणहून म्हणत राहते... देव तारो. देव तारो, कोर्बी.

पाणी भिंतीवर आपटत राहतं. एकदाही थांबलं नाही.

सून म्हणते, मिस्सा झाली ना, मग सुटला असेल. असेलही. देव करो आणि तसंच असो. पण तो सुटला म्हणून गप्प आहे, की मी 'परत आवाज नको' म्हणाले म्हणून, हे मला कोण सांगणार?

लहानपणी कार्टा माझं एक ऐकायचा नाही.