एका ठोक्याचा व्हॉल्व्ह

दाढीवाला दुकानात शिरला तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. बाहेर लख्ख ऊन होतं, समोरचा न्हावी आरसे पुसत होता. भुताखेताच्या गोष्टीत असतं तसं काहीही नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो.

त्याचा अ‍ॅम्प सात महिने माझ्याकडे पडून होता. दुसरा कुणी असता तर त्यानं माझी गचांडी धरली असती. पण हा बिचारा दारातच घुटमळला.

"काका, घाई नाही तशी... पण शनिवारी कार्यक्रम आहे."

"संध्याकाळी घेऊन जा," मी म्हणालो.

"नक्की ना? नाहीतर मी काहीतरी जमवीन. तुम्ही आधी..." माझी बायको गेल्याचं त्याला ठाऊक होतं. त्यानं अ‍ॅम्पच्या डोक्यावर हात फिरवला आणि तो निघून गेला.

व्हॉल्व्हवाले जुने गिटार अ‍ॅम्प दुरुस्त करण्यात माझी उभी हयात गेली. दाढीवाल्याच्या अ‍ॅम्पचं सगळं काम मी सात महिन्यांपूर्वीच संपवलं होतं. फुगलेले कंडेन्सर बदलले होते, कुजलेली वायर काढली होती. राहिलं होतं फक्त व्हॉल्व्ह ठोकून बघणं.

व्हॉल्व्ह म्हणजे आवाज वाढवणारी, बल्बसारखी काचेची नळी. ती जुनी झाली की आतले पत्रे खिळखिळे होतात. अ‍ॅम्प चालू ठेवून पेन्सिलीच्या मागच्या टोकानं काचेवर हलकेच टिचकी मारायची. चांगला व्हॉल्व्ह गप्प बसतो. वाईट असला तर स्पीकरमधून बारीक किणकिण येते, कधी तर खोलीतलं बोलणंसुद्धा तो उचलतो. स्पीकर जवळ असेल तर असा व्हॉल्व्ह त्याचाच आवाज ऐकून किंचाळत सुटतो. म्हणून माझं टेबल आतल्या खोलीत आणि स्पीकर बाहेरच्या खोलीत. मध्ये फळ्यांची भिंत, भिंतीला भोक, भोकातून वायर.

आता माझं गुपित सांगतो. गावभर मला 'कानसेन' म्हणायचे. कानसेनाच्या हाताखालून गेलेला अ‍ॅम्प म्हणजे डोळे मिटून घ्यावा, अशी ख्याती. आणि या कानसेनाला गेली बारा वर्षं बारीक आवाज ऐकूच येत नव्हते. जन्मभर मोठ्या आवाजाशी संसार केला, त्यानं कान खाल्ले. ती किणकिण मला येत नाही. बोलणं येतं, ठोका येतो, किणकिण नाही.

ऐकायची ती. माझी बायको. बाहेर स्पीकरशेजारी स्टुलावर बसून विणकाम करायची. मी आत पेन्सिलीनं दोन टिचक्या मारायचो आणि थांबायचो. ती विणायच्या सुईचं बोथट टोक फळीवर वाजवायची. दोन ठोके म्हणजे ठीक, राहू दे. एक ठोका म्हणजे वाईट, काढ. गिऱ्हाईक समोर बसलेलं असलं तरी त्याला पत्ता लागत नसे. मी आतून ऐटीत बाहेर यायचो आणि सांगायचो, "तिसरा गेलाय." ती मान खाली घालून विणत राहायची आणि गालातल्या गालात हसायची.

"साहेबांचा एक हात खिशात आणि दोन्ही कान माझ्याकडे," ती म्हणायची. "मग साहेब नक्की करतात काय?"

हात खिशात, कारण चालू अ‍ॅम्पमध्ये दोन्ही हात घालायचे नसतात. झटका छातीतून जातो. वीज बंद केल्यावरसुद्धा ती आत दबा धरून बसते, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं. बाकी तिचं म्हणणं खरंच होतं.

ती गेली त्या दिवशी दाढीवाल्याचाच अ‍ॅम्प टेबलावर होता. सकाळचे अकरा वाजून गेले होते. पहिला व्हॉल्व्ह ठोकला, दोन ठोके आले. दुसरा ठोकला, काही नाही. पुन्हा ठोकला. काही नाही. माझं डोकं सणकलं. मी चार-पाच वेळा ठोकलं, जरा जोरातच, आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटलो, "झोपलीस काय गं?" उठून बाहेर जायला दहा पावलं पुरली असती. पण सांगितलेलं काम समोरच्यानं जागच्या जागी करावं, ही माझी खोड. मी पेन्सिल आपटत बसलो.

मग ठोका आला. एक.

मी व्हॉल्व्ह काढला, बाद व्हॉल्व्हच्या पत्र्याच्या डब्यात टाकला. खोक्यातून दुसरा घेतला, बसवला, ठोकला. उत्तर नाही. म्हटलं, खरंच डुलकी लागली असेल. मग मागच्या बाजूच्या एका सुटलेल्या वायरला डाख देत बसलो. बसलो म्हणजे चांगला बसलो. वीस मिनिटांनी तिला चार शब्द सुनवावेत म्हणून बाहेर गेलो.

ती भिंतीला टेकून बसली होती. स्वेटरची बाही मांडीवरून घसरली होती. सुई डाव्या हातात होती. ती उजव्या हाताची होती.

डॉक्टर म्हणाले, मेंदूतला रक्तस्राव. मग म्हणाले, "तेव्हा जवळ कुणी नव्हतं का?"

लेक माझ्याशेजारीच उभी होती. मी म्हणालो, "नव्हतं. मी तार आणायला बाजारात गेलो होतो."

लेकीनं माझा हात घट्ट धरला. खोटं बोलणाऱ्याचा हात किती मायेनं धरला तिनं!

महिन्याभरानं ती दुकान आवरायला आली तेव्हा मी तो व्हॉल्व्ह डब्यातून शोधून काढला, माझ्या स्वतःच्या जुन्या अ‍ॅम्पमध्ये बसवला आणि तिला म्हणालो, "जरा बाहेर बसून ऐक गं, काही वाजतंय का."

मी ठोकत होतो. ती बाहेरून ओरडली, "बाबा, काहीच वाजत नाही. चांगला आहे हा!"

तेव्हा मला कळलं. तो ठोका व्हॉल्व्हसाठी नव्हता. उजवी बाजू गेलेल्या माझ्या बायकोनं डाव्या हातानं मला एकदाच बोलावलं होतं आणि मी व्हॉल्व्ह बदलला होता. त्या दिवसापासून मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. तिनं माझी वाट पाहिली का, आणि वाट पाहताना मी काय करतोय ते तिला कळत होतं का, एवढंच. कळलं नसावं, अशी मी मनाची समजूत घालत होतो.

तर परत त्या सकाळकडे येतो. दाढीवाल्याला शब्द देऊन बसलो. ती गेली त्या दिवशी घाईत बसवलेला दुसरा व्हॉल्व्ह आता अ‍ॅम्प चालू केल्याबरोबर उडाला. खोकं रिकामं. त्या जातीचा चांगला व्हॉल्व्ह साऱ्या दुकानात एकच होता, तो डब्यात. मी लेकीला फोन केला.

"बाराच्या सुमाराला येऊन पाच मिनिटं ऐकशील का?"

"येते की. जेवून नका घेऊ, मी आणते काहीतरी."

मी तो व्हॉल्व्ह बसवला, अ‍ॅम्प चालू केला. काचेत लालसर उजेड धरला, तापलेल्या धुळीचा वास सुटला. अकरा वाजून गेले होते. म्हटलं, निदान घरघर येते का ते बघावं. घरघर मला ऐकू येते. बाहेर आलो आणि सात महिन्यांत पहिल्यांदा तिच्या स्टुलावर बसलो. स्टुलावर तिनं शिवलेली छोटी गादी आहे. टोपलीत ती अर्धी बाही आणि सुया तशाच होत्या. मी कान स्पीकरच्या कापडाला लावला.

टिक टिक.

मी हललो नाही. बाहेर न्हाव्याकडे कुणीतरी हसलं. स्पीकर गप्प होता.

टिक टिक...

भिंतीपलीकडे, माझ्या टेबलावर पेन्सिल. दोन टिचक्या, मग थांबणं. ते थांबणं मी ओळखलं. नेमकं तेवढंच थांबणारा जगात एकच माणूस आहे, आणि तो मी.

मी "कोण आहे?" म्हणायला गेलो. जीभ जड झाली होती. उठायला गेलो, तर उजवा पाय माझा नव्हता. उजवा हात मांडीवर पडून होता, दुसऱ्याचा असावा तसा. आत टिचक्या वाढत होत्या. चार. पाच. जोरात. चिडून. आणि मग स्पीकरमधून, पत्र्याच्या डब्यातून यावा तसा, माझा स्वतःचा आवाज आला.

"झोपलीस काय गं?"

चांगला व्हॉल्व्ह माणसाचं बोलणं पोचवत नाही. हा पोचवत होता. म्हणजे त्या दिवशी तिलाही ऐकू आलं होतं. सगळं. तिच्या कानावर पडलेलं माझं शेवटचं वाक्य हे होतं.

मी डाव्या हातानं टोपलीतली सुई शोधली. मला दोन ठोके द्यायचे होते. ठीक आहे म्हणून नाही, नुसतं आतल्यानं घाबरू नये म्हणून. तिलाही तेच द्यायचे असतील का? फळीपर्यंत हात नेताना मला घाम फुटला. एक ठोका वाजला. दुसऱ्यासाठी हात उचललाच गेला नाही...

आत व्हॉल्व्ह उपसल्याचा 'फट्' आवाज झाला. पत्र्यावर काच पडल्याचा आवाज झाला. मग काही नाही. आत बसलेला तो उठून बाहेर आला नाही.

बारा वाजता लेक आली तेव्हा मी भिंतीला टेकून बसलो होतो. "बाबा!" म्हणून तिनं हातातला जेवणाचा डबा खाली टाकला, आणि तिचा हात लागल्याबरोबर माझ्या अंगात मुंग्या येऊन सगळं पूर्ववत झालं. डॉक्टरांना नंतर काहीच सापडलं नाही.

मी तिला तिथंच सगळं सांगितलं. बाजार, तार, सगळं खोटं होतं हे सांगितलं.

तिनं खाली पडलेला डबा उचलून पदरानं पुसला. मग हळूच म्हणाली, "किती वेळ?"

"वीस मिनिटं."

"आणि तुम्ही आत होतात."

"हो."

ती उठली, अ‍ॅम्प बंद करायला आत गेली. क्षणात हात झटकत बाहेर आली. "त्यात एक व्हॉल्व्ह नाहीये. डब्यात आहे, चांगलाच गरम आहे. तुम्ही आत्ता काढलात का?"

मी स्टुलावरून हललो नव्हतो, आणि आत काच पडल्याला पाऊण तास होऊन गेला होता. काच पाच मिनिटांत निवते. मी तसं सांगितलं. तिनं माझ्याकडे बघितलं, जेवणाचा डबा उघडून माझ्यासमोर ठेवला आणि ती न जेवता निघून गेली.

दाढीवाल्याला मी दुसरीकडून व्हॉल्व्ह मागवून अ‍ॅम्प दिला. तो जुना माझ्या अ‍ॅम्पमध्ये बसवून ठेवला. तेव्हापासून रोज अकराच्या आधी तो डब्यातून काढून परत बसवायचो आणि स्टुलावर जाऊन बसायचो. रोज टिचक्या यायच्या, रोज ते वाक्य यायचं, रोज माझा एकच ठोका व्हायचा. मग आत व्हॉल्व्ह डब्यात पडायचा, आणि थोड्या वेळानं माझा हात परत माझा व्हायचा. वेड लागलं म्हणा. तिनं जे एकटीनं ऐकलं ते आता मी ऐकायचं, एवढाच त्यातला हिशेब. लेक रोज फोन करायची. गोळ्या घेतल्या का, विचारायची आणि ठेवून द्यायची.

गेल्या गुरुवारी तिचा फोन आला तेव्हा अकराला दोन मिनिटं कमी होती. मी मागच्या दारात होतो.

"गोळ्या घेतल्या?"

"घेतल्या."

ती ठेवेना. मी वाट पाहिली.

"बाबा... आईनं तुमच्यावर राग धरला नसता. मला जमत नाहीये अजून. पण मी रविवारी येते. बाहीचं विणकाम मी पुरं करीन म्हणते."

"ये," मी म्हणालो. आणखी काहीतरी बोललो, ती रडली, मीही रडलो. फोन ठेवला तेव्हा अकरा वाजून गेले होते, आणि आत टिचक्या सुरू झाल्या होत्या. स्टूल रिकामं होतं.

मी बोळातून पुढच्या खोलीकडे निघालो. आणि पोचायच्या आत भिंतीवर उत्तर आलं.

एक ठोका.

मी धावलो. या वयात, चपला टाकून, दाराच्या चौकटीवर खांदा आपटत धावलो. तिला हाक मारली, तिच्या नावानं, जे मी चारचौघांत कधी घेतलं नव्हतं. वीस मिनिटं नाही, दहा पावलं.

स्टूल रिकामं होतं. सुई डाव्या बाजूला जमिनीवर पडली होती, अजून डुगडुगत होती. मी गादीवर हात ठेवला. गादी गरम होती.

या वेळी मला फार उशीर झाला नव्हता. मी तिथं गुडघे टेकून बसलो, गादीला गाल लावून. आणि भिंतीपलीकडे, माझ्याच आवाजात, कुणीतरी चिडून पुन्हा विचारत होतं, "झोपलीस काय गं?"