ओट्याच्या कोपऱ्यातली काच

सुकदेवमामांनी रेल्वेत गार्ड म्हणून उभी हयात काढली होती. हिरवा की लाल, एवढंच ठरवायची त्यांना सवय. पण पर्वत पाटिया भागातल्या टाइल्सच्या दुकानात नुसत्या हिरव्याच्याच इतक्या तऱ्हा मांडलेल्या पाहून त्यांच्या नाकी नऊ आले. बाथरूमच्या लाद्या ठरवल्याशिवाय घरी येऊ नका, असं मामींनी सकाळीच बजावलं होतं.

सोबतीला भाची दीप्ती बैसाणे होती. उधन्यात तिचं खासगी तपासाचं छोटं ऑफिस होतं. निवृत्तीनंतर मामा तिथे तिला मदत करत, निदान त्यांचा स्वतःचा तरी तसा समज होता.

"काच घ्यावी की पोर्सिलिन?" मामांनी दोन नमुने उन्हात धरून विचारलं.

दुकानदार भूपेंद्रभाई शांत स्वभावाचे होते. काच सुंदर दिसते, पण पोटात काही ठेवत नाही, असं त्यांनी समजावलं. "काचनी पाछळ जे होय ते देखाय, काका." म्हणून ती पांढऱ्या चिकट मसाल्यानंच बसवायची. मागे साधं करडं सिमेंट लावलं की समुद्री हिरवा रंग गढूळ दिसतो. पोर्सिलिनच्या मागे मात्र काहीही असलं तरी दिसत नाही.

मामांनी जाणकारासारखी मान हलवली. "पण पोर्सिलिन आदल्या दिवशी पाण्यात भिजत घालावी लागेल ना? आमच्या क्वार्टरला गवंडी घालायचा."

भूपेंद्रभाई हसले. भिजवायच्या त्या जुन्या पांढऱ्या लाद्या, पोर्सिलिन पाणी पीतच नाही. आताचा कुठलाही कारागीर ती भिजवत नाही. आणि कापायची तर मशीन हवी, हातानं कापायला गेलं की ठिकऱ्या उडतात. एवढं ऐकल्यावर मामांनी पोर्सिलिन पसंत करून टाकली आणि डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखे ते खुर्चीत बसले.

तेवढ्यात सुषमा पाटील दुकानात आली. ऑफिसला कुलूप पाहून तिनं पाटीवरच्या नंबरावर फोन केला होता आणि दीप्तीनं तिला इथेच बोलावून घेतलं होतं. चेहऱ्यावरून बाई बरीच रडलेली दिसत होती, पण आवाज खणखणीत होता.

"ताई, आज संध्याकाळी माझे मिस्टर एका गरीब माणसावर चोरीची फिर्याद द्यायला निघालेत. तो चोर नाही. मला ते सिद्ध करून द्या."

तिचं म्हणणं असं. गोडादऱ्यातल्या त्यांच्या रो-हाऊसमध्ये स्वयंपाकघराचं नूतनीकरण चाललं होतं. लाद्या बसवणारा चिंधा तिच्या माहेरच्या गावचा, मानलेला भाऊ. तिच्याच शब्दावर त्याला काम मिळालं होतं. रविवारी कामाला सुट्टी होती आणि घरचे सगळे कतारगामला नात्यातल्या हळदीला गेले होते. सासू-सासरे तेवढे घरी होते. सोमवारी सकाळी सासूबाईंची, पुष्पाबाईंची, सोन्याची पोत सोनाराकडे न्यायची होती. घर नवं होतंय तर आईची जुनाट पोतही मोडून नव्या घडणीचा हार करायचा, असं गजेंद्रनं, म्हणजे सुषमाच्या नवऱ्यानं, हौसेनं ठरवलं होतं. पण डबा उघडला तर पोत गायब.

"शनिवारी दिवसभर घरात परका माणूस एकच होता," सुषमा म्हणाली. "ह्यांनी चिंधादादाला गल्लीतच अडवलं. आयाबायांसमोर चोर म्हणाले आणि घरात पाऊलही टाकू दिलं नाही."

गावाकडून या शहरात येऊन वसलेल्या आमच्या लोकांत कारागिराला काम मिळतं ते एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानात जाऊन. गोडादऱ्यात चोर ठरलेल्या माणसाला मग शेजारच्या डिंडोलीतही कोणी उंबरा ओलांडू देत नाही. चिंधाचं पोट त्याच्या नावावर चालत होतं आणि तेच नाव आता पणाला लागलं होतं.

"चला मामा," दीप्ती म्हणाली.

पाटलांचं स्वयंपाकघर खरोखर देखणं होत आलं होतं. भिंतीला दुधी पोर्सिलिन आणि मधून समुद्री हिरव्या काचेचा पट्टा. काचेच्या लाद्या काड्यापेटीएवढ्या लहान, पोर्सिलिनच्या मात्र हातभर लांब. ओट्याच्या टोकाला, अगदी खालच्या कोपऱ्यातही काचेचा एक चौकोन होता.

"तेवढं मात्र चिंधादादाचं चुकलं," सुषमा म्हणाली. "त्या कोपऱ्यात काच लावायची की पोर्सिलिन, माझं अजून ठरत नव्हतं. मला न विचारताच त्यानं काच लावून टाकली. सोमवारी मी पाहिलं, पण पोतीच्या गोंधळात बोलायचं राहून गेलं."

दीप्ती कोपऱ्याशी बसली. ओल्या फडक्यानं तिनं काच पुसली आणि मोबाइलचा उजेड पाडला. वरचा पट्टा लख्ख उजळला. कोपऱ्यातला चौकोन गढूळच राहिला. मामांनीही वाकून पाहिलं आणि कोपरा अंधारा आहे, असा निर्वाळा दिला.

मागच्या अंगणात सिमेंटचं अर्धं पोतं होतं. शेजारी बादलीभर पाण्यात पोर्सिलिनच्या दोन लाद्या बुडवलेल्या होत्या. ही बादली कोणाची, असं दीप्तीनं विचारलं. सोमवारपासून तशीच आहे, चिंधाचीच असेल, असं सुषमा म्हणाली.

मग एकेकाशी बोलणं झालं. धाकटा दीर प्रवीण बिल्डिंग मटेरियलच्या दुकानात कामाला होता. काचेसाठी पांढरा मसाला त्यानंच निवडून आणला होता आणि बाहेरच्या गटाराच्या कामासाठी हे सिमेंटही. रविवारी तो हळदीतून मध्येच उठून गेला होता. कुठे, ते सांगताना त्याची बोबडी वळली. मामांच्या लेखी चोर तिथेच सापडला.

सासरे निंबाअण्णा, एकेकाळचे मिल कामगार, पडवीत खाटेवर होते. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचा उजवा हात मांडीवर निपचित पडलेला असे. दीप्तीनं सहज विचारलं, की मिल बंद पडली तेव्हा दिवस कसे काढले. म्हातारा खुलला.

"आम्ही दोन्ही जनं पांढऱ्या लाद्या बसाडूत. पोऱ्हे गावले व्हतात, आजीजोडे. त्यास्ले काय माहीत?"

रविवारी दुपारी काय केलं, असं विचारल्यावर मात्र अण्णा जेवून झोपलो म्हणाले आणि भिंतीकडे पाहू लागले.

पुष्पाबाई देवघरापाशी बसल्या होत्या. समोरचं ताट झाकलेलं, जेवणाला हात लावलेला नव्हता. बोटांना भेगा पडल्या होत्या आणि त्यांवर हळद-तेल चोपडलेलं होतं.

"साबन लागना," साबणावर ढकलत त्या म्हणाल्या आणि बोटं पदराखाली घेतली. पोत कधी शेवटची पाहिली, याचं उत्तर त्यांनी दिलं नाही. चिंधाचं नाव निघताच त्यांचे डोळे भरून आले.

बाहेर पडताच मामांनी प्रवीणला धरायची घाई केली. त्याला सिमेंट मिळतं, तो रविवारी गायब होता, शिवाय बोबडी वळली, अजून काय हवं? साप साप म्हणून भुई धोपटायला ते अगदी तयार होते.

"आधी चिंधाकडे जाऊ," दीप्ती म्हणाली.

चिंधा खोलीच्या दारात बसून होता. त्या दिवशी एका बंगल्यावरून त्याला निरोप आला होता, की काम दुसऱ्याला दिलं. दीप्तीनं त्याला एकच विचारलं, शनिवारी कोपऱ्यातल्या त्या चौकोनात काय होतं?

"काहीच नव्हतं. उघडी भिंत," तो म्हणाला. "ताईनी ठरायेल नव्हतं. मंग मी हात कसा लावसू?"

"तुमची कापायची मशीन कुठे होती?"

"रोज घरी आनस. आताबी आठेच शे."

दीप्तीनं मान डोलावली. "चला आमच्यासोबत. ताठ मानेनं चला."

संध्याकाळी गजेंद्र एम्ब्रॉयडरीच्या मशिनी बंद करून घरी आला, तेव्हा स्वयंपाकघरात सगळी मंडळी जमलेली होती. चिंधाला पाहून त्याच्या कपाळाची शीर उठली. पण माणूस वाईट नव्हता, तापट होता. सुषमानं हात धरल्यावर तो खाली बसला.

"पोत या घराबाहेर गेलीच नाही, ती या कोपऱ्यातल्या काचेमागे आहे," दीप्तीनं सुरुवात केली. "शनिवारी हा कोपरा उघडा होता. सुषमाताईंचं ठरलं नव्हतं म्हणून चिंधानं तो सोडला. ताईंना वाटलं चिंधानं भरला. मग भरला कोणी? सोमवारी चिंधा गल्लीतूनच परत गेला. म्हणजे काम रविवारचं, सुट्टीच्या दिवसाचं."

तिनं उजेड पाडला. "ही काच गढूळ दिसते, कारण मागे करडं सिमेंट आहे. चिंधा असं करणार नाही. प्रवीणही नाही, पांढरा मसाला त्यानंच आणलाय."

सगळ्यांनी प्रवीणकडे पाहिलं. हळदीतून उठून मित्रांबरोबर डुमसच्या किनाऱ्यावर भजी खायला गेलो होतो, अशी त्यानं पडेल आवाजात कबुली दिली. मामा छताकडे पाहू लागले.

"आता बादली पाहा," दीप्ती म्हणाली. "भिंत भरणाऱ्यानं आधी पोर्सिलिन घेतली आणि बसवण्याआधी भिजत घातली. पोर्सिलिन पाणी पीत नाही. गजेंद्रभाऊ, तुम्हाला लाद्यांतलं काहीच येत नाही, तुम्हाला भिजवायचं सुचलंच नसतं. आजच्या कारागिरानं भिजवली नसती. भिजवणार तो, ज्याचा हात जुन्या पांढऱ्या लाद्यांवर बसलाय. मग ती लादी मोठी पडली, कापायला मशीन नाही, म्हणून बारीक काच लावली. जुन्या लाद्यांमागे सिमेंटच असायचं, तेच इथेही लावलं. काच मागचं सगळं दाखवते, हे त्या हाताला ठाऊक नव्हतं."

"आमच्या घरात कोण गवंडी आहे?" गजेंद्र म्हणाला.

"मिल बंद पडल्यावर अण्णांनी लाद्या बसवल्या. तुम्ही तेव्हा गावी होता."

"अण्णा?" मामांच्या तोंडून निघून गेलं. "पण त्यांचा हात..."

"अण्णांचा हात उचलत नाही. पण ते मला म्हणाले, आम्ही दोघं बसवायचो. दुसरं माणूस कोण? सिमेंट कालवलं की बोटांना भेगा पडतात. या घरात रविवारपासून हळद-तेल कोणाच्या बोटांना लागलंय?"

मग पुष्पाबाईंनी पदराखालून हात बाहेर काढले आणि सगळ्यांना दिसतील असे पुढे धरले.

"मीच दपाडेल शे," पोत आपणच लपवल्याचं कबूल करत त्या म्हणाल्या.

पुढचं त्यांनी हळूहळू सांगितलं. अण्णा लाद्या बसवायचे आणि पुष्पाबाई त्या भिजवायच्या, सिमेंट कालवायच्या, सांधे भरायच्या, वेळ पडली तर बसवायच्याही. पोतीतला एकेक मणी एकेका घराच्या मजुरीतून ओवला होता. रांदेरचा मणी कुठला, कतारगामचा कुठला, त्यांना पाठ होतं. ती पोत लेक मोडायला निघाला, तोही मायेनं, त्यामुळे नाही म्हणवेना. लोकांच्या घरी आईनं सिमेंट वाहिलं, हे त्याला सांगायचीही लाज वाटली. पोत सापडत नाही एवढंच म्हणायचं, चार दिवस शोधाशोध होईल आणि विषय मिटेल, असं त्यांनी धरलं होतं. पण तोंड उघडायच्या आत गजेंद्र गल्लीत जाऊन चिंधाला धरून बसला. त्यानंतर जीभच वळली नाही.

"आई, तुम्ही गप्प बसलात, त्यात याची भाकरी जाणार होती," दीप्ती म्हणाली. ती रागावली होती आणि तिनं ते लपवलं नाही.

"मालूम शे, बेटा. दोन दिन घास उतरना नही."

गजेंद्र उठला. तो आईला काही बोलेल असं मामांना वाटलं, पण त्याला आधी चिंधाकडे पाहावं लागलं आणि तेच त्याला जड गेलं. शेवटी तो म्हणाला, "तूच काढ. दुसऱ्या कोणाचा हात लागायला नको."

चिंधानं छिन्नी लावून एकही काच न फोडता चौकोन मोकळा केला. आत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली पोत होती. त्यानं ती पुष्पाबाईंच्या ओंजळीत ठेवली. गजेंद्रनं हात जोडले, चुकलो म्हणाला, मनापासून म्हणाला.

"दादा, चोर तुम्ही मला घरात नव्हतं म्हटलं," चिंधा म्हणाला.

गजेंद्रची मान खाली गेली. पण तो काही करण्याआधीच पुष्पाबाई उठल्या. पोत गळ्यात घातली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि चिंधाचं मनगट धरून त्या दाराबाहेर आल्या. गल्लीत बायका भाजी निवडत होत्या, पुरुष कामावरून परतत होते. उभ्या हयातीत म्हातारी कधी गल्लीत मोठ्यानं बोलली नव्हती.

"आयका," त्या म्हणाल्या. "मनी पोत कोनी चोरी नही. मी लाद्या बसाडनारी बाई, मीच भित्तीमा दपाडी ठेयेल व्हती. चिंधा चोर नही शे. बोलनी चूक मना पोऱ्यानी, आनि गप बसानी चूक मनी."

गजेंद्र मागे उभा होता. आई लाद्या बसवणारी आहे, हे गल्लीबरोबर त्यानंही आजच ऐकलं होतं. तो पुढे आला आणि सगळ्यांसमोर त्यानं चिंधाची माफी मागितली. या वेळी त्याचा आवाज सोमवारच्या आवाजाइतकाच मोठा होता.

मग समोरच्या घरातली सीताबाई भाजीची परात बाजूला सारून उठली. सोमवारी तीच सगळ्यात आधी दारात येऊन उभी राहिली होती.

"चिंधाभाऊ," तिनं विचारलं, "आमनी मोरीना लाद्या कवय बसाडशात?"

चिंधानं बाहीनं डोळे पुसले. पुष्पाबाईंनी अजून त्याचं मनगट सोडलं नव्हतं.

"आठलं काम संपू द्या, बाई," तो म्हणाला. "मंग येस."