दुपट्यातला श्वास

वर्गात पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्या माणसाची खऱ्या घरात चूक कशी होते? हे कोडं रमिलाला काही केल्या सुटत नव्हतं. जिला विचारावं ती जमुनाफुई (आत्या) तर कोणाशी बोलेनाशी झाली होती.

सातपुड्यातल्या त्यांच्या पाड्यावर आरोग्यसेविका घडवायला 'सोबती' नावाचा यंत्रमानव आला होता. त्याच्याजवळ श्वास घेणारी एक बाहुली होती. तिच्यावर सराव करून फुई परीक्षेत पहिली आली. पण मागच्या महिन्यात तिनं सुरकीकाकूचं तान्हं बाळ तपासलं, साधी सर्दी आहे म्हणाली, आणि ते बाळ गेलं. त्याला न्यूमोनिया (फुफ्फुसांचा आजार) झाला होता.

आज फुई औषधांची पिशवी परत करायला निघाली. तिनं काम सोडलं तर नदीपलीकडच्या दवाखान्याशिवाय पाड्याला कोणी उरणार नव्हतं. सोबती शाळेत शिकवायचा; रमिला तिच्या मागोमाग तिथं शिरली.

"माझ्याच्यानं नाही व्हायचं," फुई सोबतीला म्हणाली.

"आधी काय चुकलं ते शोधू," सोबती म्हणाला. मग त्यानं रमिलाला समजावलं, "न्यूमोनियात फुफ्फुसांतल्या वायुकोशांत (हवेच्या इवल्याशा पिशव्यांत) पाणी साठतं. प्राणवायू कमी पडतो, म्हणून बाळ भराभर श्वास घेतं. आजार वाढला की श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो. उघड्या छातीवर ते नीट दिसतं. तुझ्या फुईला हे सगळं तोंडपाठ आहे."

रमिला बाहुलीकडे बघत राहिली. "ही तर उघडीच आहे," ती म्हणाली. "आमच्या पाड्यावर सव्वा महिना बाळाचं दुपटं कोणापुढं सोडत नाहीत. दृष्ट लागते म्हणतात."

फुई मटकन खाली बसली. "मी दुपट्यावरूनच श्वास मोजले. सोड म्हणायला जीभच रेटली नाही."

सोबती फुईकडे वळला. "मी तुला छाती बघायला शिकवलं, पण आईला विचारायला शिकवलंच नाही. सार्वत्रिक आरोग्यसेवा (एकही घर न वगळता सर्वांना वेळेवर उपचार) हवी, तर शिकवणाऱ्यानं आधी त्या घरची रीत शिकायला हवी. इथली आई काय म्हणेल, हे मला ठाऊक नाही."

रमिला उठली आणि थेट सुरकीकाकूच्या झोपडीत गेली. तिथं तिनं दुपट्याचं सगळं सांगितलं. काकूनं चुलीतली लाकडं बाहेर ओढली. मग पदर सावरून निघाली.

शाळेत येऊन तिनं बाहुलीला दुपट्यात घट्ट गुंडाळलं आणि मांडीवर घेतलं. "विचार मला," ती फुईला म्हणाली.

फुई तिच्यासमोर येऊन बसली. "सुरके, दार लोटून घेते. माझ्याखेरीज कोणी बघणार नाही. तुझ्याच हातानं जरा सोडतेस का? छाती बघू दे."

काकूनं हळूहळू दुपटं सोडलं. "असं विचारलं असतंस, तर सोडलं असतं गं मी," ती म्हणाली, आणि दोघी रडल्या. रमिलालाही रडू आवरेना.

सोबतीनं त्याच दिवशी इतर पाड्यांवरच्या यंत्रमानवांना निरोप धाडला: शिकवण्याआधी तिथल्या आयांना विचारा, बाळाला कसं जपता. ठिकठिकाणची उत्तरं वेगळी येणार होती, आणि प्रत्येक उत्तरागणिक शिकवणी बदलणार होती.

फुई मात्र अजून खाली मान घालून बसली होती.

"वनीच्या घरी बाळ झालंय," काकू तिला म्हणाली. "सकाळी तपासायला जाऊ. मी येते तुझ्यासंगं."