म्हाळसा नाईकिणीचं बसून खाणं

पहाटेचं धुकं अजून तटाला चिकटून होतं, खाली माचीपलीकडे पातशाही फौजेच्या राहुट्या पसरल्या होत्या, आणि अशा वेळी, ज्यानं त्यानं आपापल्या बुरुजावर असायचं सोडून, कुंभारकड्याच्या किल्ल्यावरची माणसं सदरेपुढे रांग लावून उभी होती. हुजुरातून नवे आलेले कारभारी रंगो सखदेव यांचा हुकूम होता: वेढा पडलाय, दाणागोटा आटलाय, जो आपलं काम भर सदरेत सांगेल त्यालाच शिधा, बाकीच्यांनी गड उतरावा.

ऐकायला हुकूम रास्तच. धन्यानं चाकराला काम विचारू नये असं कोण म्हणेल? पण विचारणाऱ्याचे डोळेही कुणीतरी बघावेत की नाही!

ते बघत होती म्हाळसा नाईकीण. नवरा गडाचा नाईक; तो लढाईत पडल्यावर त्याची चाकरी तिनं चालवलेली. पण लोकांना ठाऊक एवढंच, की म्हातारी दिवसभर खालच्या टाक्याशी झोपडीपुढे बसते. त्या झोपडीतल्या चुलीमागं गडाची चोरदिंडी होती, बाहेर पडायचं छुपं दार, आणि तेच ती राखत होती, हे ठाऊक फक्त तिला आणि किल्लेदार हैबतराव निकमांना.

लोहार पुढे आला. कारभाऱ्यांनी ना भात्याचं विचारलं ना ऐरणीचं. "रखवालीला कुठल्या अंगाला असतोस? तिथून खाली वाट जाते काय?" पाणक्याला तेच. गवंड्याला तेच. म्हाळसेच्या मनात पाल चुकचुकली.

"आणि तू गं, म्हातारे?"

"म्या बसून खाते."

लोक खिदळले.

"नीट सांग!"

"नीटच सांगितलं की. तोंडानं खाते, बुडावर बसते. तुमची तऱ्हा येगळी हाय व्हय?"

हैबतराव लोडाशी ताठ बसले होते. तिची बाजू घ्यावी तर दिंडी उघड होणार, आणि न घ्यावी तर जिनं या गडाला आपला नवरा दिला तिलाच आपल्या तोंडानं उपाशी, शत्रूच्या पुढ्यात काढून द्यायचं. तिनं त्यांच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

"गड उतरा, नाईकीणबाई," ते म्हणाले.

सदर उठली तसे कारभारी तिच्या मागोमाग गेले. हैबतराव पायरीवरून पाहत होते.

"तुझं काम मोठं आहे, म्हातारे, मी ओळखलंय. माझ्या एकट्याच्या कानात सांग. तुला परत घेतो, शिधा दुप्पट करतो."

म्हाळसेनं पदरानं डोळे पुसले आणि हलकेच सांगितलं, "फुटक्या बुरुजाखाली चोरदिंडी हाय. कुणापाशी बोलू नगा, मालक."

त्या गडाची रीत अशी, की चाकरी सुटलेल्यानं आपल्या चौकीच्या दगडाला तांब्याभर पाणी घालावं, माथा टेकावा आणि मगच पायऱ्या उतराव्यात. म्हाळसा तांब्या घेऊन निघाली ती सगळ्यांदेखत फुटक्या बुरुजाकडे. तिथं पाणी घातलं, माथा टेकला. कारभारी गालात हसले. हैबतरावांच्या हातातला विडा मात्र हातातच राहिला. उभ्या जन्मात ही बाई त्या दगडाशी बसली नव्हती! मग तिथं निरोप कशाला घेते? आणि हसतंय कोण?

दुसऱ्या पहाटे धुक्याच्या आडोशानं शत्रूची निवडक माणसं दोर घेऊन चढली, ती ना दरवाजाकडे ना टाक्याकडे, नेमकी फुटक्या बुरुजाखाली, जिथं कोऱ्या कातळाशिवाय काही नव्हतं. वर हैबतराव धोंडे रचून बसलेच होते. कड्याखाली एकच आकांत उठला. जिवंत सापडलेल्या जमादारानं कारभाऱ्यांचं नाव ओकलं.

"दिंडीची बातमी गडावरच्या कुणीही फोडली असेल!" रंगोपंत ओरडले.

"तिथं दिंडी नाहीच, पंत," हैबतराव शांतपणे म्हणाले. "ती फक्त तुमच्या कानात होती."

पंतांच्या पायांत बेड्या पडल्या. खालच्या जाळीत दडून राहिलेल्या म्हाळसेला आणायला पालखी गेली. पालखी रिकामीच आली, आणि म्हाळसा पालखीपुढं चालत.

पुढे वेढा उठला, हुजुरातून दुसरे कारभारी आले, आणि त्यांनीही विचारलंच, "बाई, तुमचं काम काय?"

"बसून खाते. आन् तुमचं वो?"

कारभाऱ्यांनी हैबतरावांकडे पाहिलं.

"पहिला शिधा त्यांचा काढा," हैबतराव म्हणाले.

कारभाऱ्यांनी पुढं काही विचारलं नाही. शहाणा माणूस होता. त्या गडावर पुष्कळ वर्षं टिकला.