वाट बघणारी बहीण

"शहराला तोड नाही हो, पण गोष्ट? गोष्टीच्या नावाने नुसती बोंब!"

दुरुस्तीच्या दुकानात आपला बिघडलेला कंट्रोलर काउंटरवर आपटत ती बोलत होती. व्हिडिओ गेम खेळायचे आणि त्यांच्यावर लिहायचं, हा तिचा पोटापाण्याचा धंदा. वाचकांनी तिचं नाव ठेवलं होतं 'खडूस'. सध्या तिच्या तावडीत सापडला होता एक नवाकोरा गुन्हेगारीचा गेम. अख्खं शहर मोकळं, कुठेही भटका, कुणाचीही गाडी पळवा.

दुकानदारकाका बिचारे स्क्रू काढता काढता मान डोलवत होते.

"आता हेच बघा काका. टोळीवाले नायकाच्या बहिणीला पळवून नेतात. ती फोनवर रडतेय, 'दादा, लगेच ये!' आणि आपला हा पठ्ठ्या काय करतो? मासे पकडतो! शर्ट घेतो! केस कापून घेतो! महिना उलटला तरी ती तिथेच, तशीच रडतेय. ना रागावते, ना कंटाळते. हे ज्याने लिहिलंय ना, त्याने आयुष्यात कधी कुणाची वाट बघितलेली दिसत नाही."

मागे कुणीतरी खाकरलं.

"आणि... शहर आवडलं म्हणालात?"

तिने वळून बघितलं. उंच, किडकिडीत तरुण. हातात तसाच मोडका कंट्रोलर, कान मात्र लालबुंद.

"आवडलं म्हणजे काय!" ती खुलली. "पाऊस थांबला की माणसं छत्र्या झटकतात. कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या खिडकीत दिवा लागतो. एकदा तर मी पळवलेली गाडी कडेला लावून नुसती बघत बसले. ज्याने ते शहर उभारलंय ना, त्याचे हात हातात घ्यावेसे वाटतात."

"त्या बाई आहेत. आजी झाल्यात परवाच," तो म्हणाला. "गोष्ट... गोष्ट मी लिहिलीय."

धरणीने पोटात घ्यावं असं तिला झालं. पण माघार घेईल ती खडूस कसली! "बरं झालं भेटलात," ती म्हणाली. "अजून बरंच बोलायचं होतं."

"मग... कॉफी घेता घेता बोलता?" तो हसला. हसताना त्याच्या एका गालाला छोटीशी खळी पडत होती, आणि ती बघण्याच्या नादात कंट्रोलर दुकानातच राहिला.

कॉफीमागून कॉफी झाली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. तो घरी येऊ लागला. घरी तिची मावशी होती, आणि मावशीलाही त्या गेमने वेड लावलं होतं. मागे पोलीस लागलेले असोत, बंदुका धडाडत असोत, मावशी लाल सिग्नलला गाडी थांबवणार म्हणजे थांबवणार.

"अहो मावशी, पळा ना!" तो पोट धरून हसायचा.

"काय पळा? माणसं रस्ता ओलांडतायत," मावशी म्हणायची. "आणि तुझ्या त्या पोरीला आधी सोडव. जीव तुटतो माझा."

तो गळका नळ बदलायचा. पडद्याचा दांडा सरळ करायचा. खडूसची चप्पल तुटली तर गुपचूप शिवून आणायचा. एकदा चप्पल देताना बोटांना बोटं लागली... आणि तो म्हणाला, "टाचही बदलून घ्यायला हवी." एवढंच! तिच्या मनात त्याच्यावाचून दुसरं काही उरलं नव्हतं, आणि हा बाबा टाचेवर बोलत होता.

मग तिला दुसऱ्या शहरातून मोठ्या नोकरीसाठी बोलावणं आलं. तिने ते त्याला सांगितलं आणि श्वास रोखून त्याच्याकडे बघत राहिली. आता तरी बोलेल...

"वा! छानच की," तो कसंनुसं हसला. "मावशी, कपाटाचं दार करकरतंय का? तेल आणतो."

"मासे पकडणं बंद कर!" ती कडाडली.

"म्हणजे?"

"म्हणजे मी तुझ्या गोष्टीतल्या बहिणीसारखी नाही. किती का उशीर होईना, मी तिथेच उभी सापडेन असं समजू नकोस. रविवारची गाडी आहे माझी."

तो निघून गेला. नंतर ना फोन, ना पत्ता. रविवारी सकाळी ती बॅग भरत होती. कपडे कोंबत होती, स्वतःलाच शिव्या घालत होती, आणि डोळे काही केल्या कोरडे राहत नव्हते.

"अगं, धावत ये!" बाहेरच्या खोलीतून मावशी ओरडली. "पोरगी सुटली!"

गेममध्ये रातोरात बदल झाला होता. मावशीचा नायक नेहमीसारखा नदीकाठी गळ टाकून बसला होता, आणि पडद्यावर बहीण चालत येत होती. दोर तिने स्वतःच सोडवले होते. ओल्या रस्त्यांवरून, छत्र्या झटकणाऱ्या माणसांतून, शिंप्याच्या उजळलेल्या खिडकीवरून ती अख्खं शहर तुडवत आली. भावासमोर उभी राहिली.

"दादा, मी खूप वाट बघितली. आता नाही बघणार."

एवढंच म्हणून ती वळली आणि चालू लागली. नायकाने गळ टाकून दिला आणि तिच्यामागे धावत सुटला.

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. दारात तो होता. केस पिंजारलेले, शर्टाची बटणं खालीवर.

"बरं झालं आलास," मावशी म्हणाली. "स्वयंपाकघरातला दिवा लागत नाही रे..."

"दिवा नंतर, मावशी."

मावशी चकित होऊन बघतच राहिली.

"तू मला आवडतेस," तो धापा टाकत म्हणाला. "त्या दुकानात शिव्या घालत होतीस ना... तेव्हापासून. जाऊ नकोस असं म्हणणार नाही. तू जा. मीही येतो मागून. लिहायला मला एक टेबल लागतं, ते कुठेही मिळतं. पण तू... तू कुठे मिळणार दुसरी?"

ती हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना. "मलाही तू आवडतोस," ती म्हणाली. "फार. आणि गोष्ट आता चांगली झालीय."

"खरंच?"

"खडूस खोटं बोलत नाही." तिने त्याचे दोन्ही हात हातात घेतले.

आतून मावशीने हाक मारली, "झालं का बोलून? मग तेवढा दिवा बघ की!"

"नंतर!" दोघंही एकदम ओरडली.