डाव्या बाजूचा भाडेकरू

घणसोली गावात गोटीरामचं घर म्हणजे खाली स्वतःचं बिऱ्हाड आणि वर भाड्याच्या खोल्या. शेती गेली, खोल्या आल्या. पाण्याची मोटर, भाडेकरूंची भांडणं, यातच त्याचा दिवस जायचा.

धाकटी बहीण मालतीबाई त्याच्याकडंच राहायची. तरुणपणीच तिला आवाज ऐकू यायला लागले, तसं नवऱ्यानं आणून सोडलं. वाशीच्या डोक्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. आवाज कमी झाले, गेले नाहीत. त्यांना ती भाडेकरू म्हणायची. घरमालकाची बहीण ती, दुसरं काय म्हणणार?

एका सकाळी चहा पिता पिता म्हणाली, "दादा, नवीन भाडेकरू आयलाय. डोक्यात नाय. हितं, डाव्या बाजूला, काखेखाली."

"डिपॉझिट घेतलंस का गो?" गोटीराम म्हणाला. सगळं घर हसलं.

ती नाही हसली. "यो काय बोलतच नाय. नुसता बसून हाय."

दिवाळीपर्यंत ती सांगत राहिली आणि घर हसत राहिलं. दिवाळीत तिला उटणं लावताना सून भाविकाचा हात थांबला. काखेजवळ लिंबाएवढी गाठ.

हॉस्पिटलात कळलं, कॅन्सर. डॉक्टरीणबाई भली होती. गोटीरामशी नाही, थेट मालतीबाईशी बोलली. वाशीच्या डॉक्टरांना फोन लावून त्या गोळ्यांबरोबर हे औषध चालेल ना, तेही विचारून घेतलं. उशीर झालाय, पण वाचतील, म्हणाली. आता मात्र दिवस घालवू नका.

पण मालतीबाई सुई टोचून घेईना.

"खोलीत मानूस असताना औषध मारतात का?" ती म्हणाली. "आदी त्याला खाली करायला सांग. तू घरमालक हायस."

नर्स सुई धरून उभी. चार माणसं बघतायत. गोटीराम बहिणीच्या काखेपाशी वाकला आणि रोज भाडेकरूंशी बोलतो तसंच बोलला, "भाऊ, खोली खाली कर. बहिनीला लागते."

मालतीबाईनं मान वाकडी करून ऐकलं. "जातो म्हनतो. पन जाऊ कुटं?"

"वरची कोपऱ्यातली रिकामी हाय. तिकडं रहा. तुला कोन उठवनार नाय."

तिनं मुकाट्यानं हात पुढं केला.

औषध लागू पडलं. केस गेले, तोंड आलं, पण लिंबाची सुपारी झाली. आणि वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत भिंतीचं प्लॅस्टर फुगायला लागलं.

ओल असणार, म्हणून गोटीरामनं धनाजी गवंड्याला बोलावलं. धनाजीनं फुगवट्यावर तळहात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"काका, ओल नाय. कोरडं हाय. आनि कोमट."

"उन्हानं तापली असंल."

"हिला ऊन कुठलं?" धनाजी म्हणाला. खरंच होतं. त्या भिंतीला पलीकडून शेजारच्याची भिंत चिकटलेली.

धनाजीनं छिन्नी लावून एक हातोडा टाकला. खालून मालतीबाईचा आवाज आला, "दादा, त्याला मारू नको. परत येल."

गोटीरामनं धनाजीला घरी पाठवलं आणि खोलीला कुलूप घातलं. घरात कोणाला काही बोलला नाही. बोलणार काय?

ऑपरेशन झालं. मग किरणांचे शेक झाले. शेवटच्या तपासण्यांसाठी दोघं भावंडं चार दिवस हॉस्पिटलात राहिली, मग डॉक्टरीणबाई म्हणाली, "मालतीताई, मोकळ्या झालात तुम्ही."

रिक्षात मालतीबाई कितीतरी दिवसांनी हसली. "आज खाडीतल्या निवट्यांचं कालवन कर सांग भाविकाला."

घराशी उतरले, तर वरून टीव्हीचा आवाज येत होता. मुलगा हितेश दारातच खुशीत उभा.

"पप्पा, कोपऱ्यातली रूम भाड्यानं गेली. नवरा-बायको हायेत, चांगली मानसं. चावी गावली नाय, कुलूपच तोडलं. भिंत फोडून सारखी केली, रंग पन मारला."

गोटीराम जिना चढला. भिंत सपाट होती.

हात लावला. थंड.

खाली आला. मालतीबाई पलंगावर बसली होती. उजव्या हातात चहा.

"माले?"

डावा हात तिनं अंगापासून जरासा लांब धरला होता. काखेखाली कोणाला बसायला जागा करून द्यावी, तसा.